रुपेरी पानांवरची धूळ

१० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. गिऱ्हाइकांचे पडदे शिवायचे आणि आईची पथ्यं सांभाळायची, यात दिवस कुठे जातो कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी परवा स्पष्टच सांगितलं, पिशवी काढावीच लागेल, आणि मग सहा आठवडे बादलीसुद्धा उचलायची नाही. मला हसूच आलं. आईला अंघोळीला धरून कोण नेणार, हे त्यांना काय माहीत.

महिनाभर चिमणीकडे जाऊन ये, असं आईला तिसऱ्यांदा सुचवलं. बागेला रोज पाणी कोण घालणार म्हणून तिने तोंड फिरवलं. नजर अंधूक झाली, हट्ट मात्र ठणठणीत आहे. ऑपरेशनचं तिला बोलले नाही, उगाच धसका घेईल. तारीख पुन्हा पुढे ढकलली. खरं सांगू, फार दमले गं.

लोभ आहेच, पत्रातून दिसू दे.
तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुणाला न सांगता झिजत बसायचं, हे तुझं जुनंच दुखणं. त्यावर मात्र कुठला डॉक्टर नाही.

आमच्या रोपवाटिकेच्या टेम्पोतून दहा रोपं पाठवते आहे. रुपेरी पानांची, दिसायला नाजूक, पण भलतीच चिवट. मातीत बारीक खडी मिसळ, उन्हात लाव, आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी पुरे. फार लाड केले तर कुजतात. आईची जुनी तहानलेली झाडं शेजारी देऊन टाक. तिला म्हणावं, ही रोपं महिनाभर तुझ्या पाण्यावाचून तगली तर मुकाट्याने चिमणीकडे निघायचं. मी कॉट रिकामी करून ठेवली आहे.

ऑपरेशन आणखी लांबवू नकोस, पाया पडते.
तुझ्याच जिवावर उड्या मारणारी,
चिमणी

२१ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

आईने अट मान्य केली होती. पण महिना भरत आला आणि दहांतली सहा रोपं काळी पडून मेली. मला वाटलं माझीच माती चुकली. तारीख आणखी एकदा पुढे नेली.

काल सकाळी दोरा संपला म्हणून मशीन सोडून अंगणात डोकावले. आई स्टुलावर बसून ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होती. रोज पुसते म्हणे. पाणी कुठे घातलं, नुसती धूळ काढते, असं वर मलाच ऐकवलं. इतकी धूळ साठते, तुझं लक्ष कुठे असतं, हेही. चाळीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केलेली बाई, तिला धूळ कशी खपणार.

ती धूळ नाही, पानांची लवच तशी पांढरी असते, हे सांगताना माझा आवाज चढला. मग काय, सगळंच ओकले. ऑपरेशन, पुढे ढकललेल्या तारखा, सगळं. ती दिवसभर जेवली नाही. मला माझीच लाज वाटते आहे.

या ताईला सांभाळून घे.
तुझी ताई

२३ मार्च

चि. चिमणे,
आशीर्वाद.

अक्षर ताईचं आहे, बोलणं माझं. काही गाळेल म्हणून प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावते आहे.

पानांवर नसलेली धूळ मला दिसली. आणि या पोरीचा चेहरा कितीतरी महिने उतरलेला दिसत होता, तर मला वाटलं माझ्याच डोळ्यांचा दोष. चाळीस वर्षं परकी आजारी माणसं मी नुसत्या चालीवरून ओळखली. घरातलं ओळखलं नाही. इथे हिने पेन खाली ठेवलं होतं, मी उचलायला लावलं.

रविवारी मला न्यायला ये. चार रोपं उरली आहेत, जगली तर जगली. डॉक्टरीणबाईंना आजच तारीख कळवायला सांगितलं आहे, आता पुढे जाणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी मात्र मला घेऊन ये आणि हिच्या उशाशी बसव. काम माझ्याच्याने काही होणार नाही. कपाळावरून हात फिरवायला डोळे लागत नाहीत.

तुला आशीर्वाद, आणि हे लिहिणारीलाही.
आई