रिकिबीचा खेळ

खंडेनवमी, संध्याकाळ

उद्या महाराजांची स्वारी निघेल तेव्हा सारं म्हैसूर तिकडे धावेल. आज मात्र निम्मी पेठ आमचा नवा खेळ बघायला मैदानावर होती!

आमच्या घरी आज तलवारीची नाही, रिकिबीची पूजा होते. आमचे पूर्वज खंडोजीबाबा साधे बारगीर, घोडाही स्वतःचा नाही. लढाईतून परतताना जखमी सोबत्याला घोड्यावर घातलं आणि ही रिकीब धरून स्वतः चालत आले. त्यांच्या नावाचा खेळ काढायचा तर कसा? वर्षभर डोकं खाजवलं. शेवटी ठरवलं: समोरच्यांनी शिवलेल्या गड्याने खाली बसायचं, सोबत्याने त्याला पाठीवर घेऊन रेषेपार आणायचं. शेवटचा गडी आत आला, की मगच डाव जिंकला.

मामा रिसाल्यातले जुने जमादार. त्यांना पटेना. "पहिला पोचेल त्याला काहीच नाही? हा कसला रे खेळ?" धाकधूक मलाही होतीच. लोक हसले असते तर?

आज आमचा वेंकोबा सर्वांआधी रेषेपार गेला आणि नाचायला लागला. आमचा एक गडी मागे तसाच बसलेला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी काठी उगारून ओरडलं, "अय्यो, नाचतोस काय? हिंदे नोडो, मागे बघ! त्याला कोण आणणार?"

मामाच!

डाव हरलो. घरी आल्यावर मामांनी रिकिबीवरचं शेवंतीचं फूल उचललं आणि माझ्या पागोट्यात खोवलं.

पागोटं अजून उतरवलेलं नाही.