चौकातला ध्रुवतारा

४ जुलै
आज पुन्हा टूरिस्टांची बस आली. या वाळवंटात त्यांना करमणुकी दोनच. फळीवर बसून वाळूच्या टेकडीवरून किंचाळत घसरायचं, आणि चौकात माझी धाकटी बहीण एर्सिरा गाडीवर सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, तळते, त्या उभ्याउभ्या खायच्या. बायकासुद्धा! त्यांच्या वतीने मलाच लाज वाटली. पोस्टातून निवृत्त झाले, गावाच्या अब्रूतून नाही. उद्यापासून संध्याकाळी सातला चौकात तारादर्शन. फुकट.

५ जुलै
बरे लोक आले. कॉन्व्हेंटात फ्रेंच मदर क्लोतिल्डनी पुस्तकातून शिकवलेलं आकाश अजून तोंडपाठ आहे. शेवटी ध्रुवतारा दाखवायला उत्तरेकडे काठी रोखली. दिसला नाही. धूळ फार.

७ जुलै
आजही नाही. एका दाढीवाल्या कॅनेडियनाने विचारलं, मॅडम, इथून दिसतो का नक्की? म्हटलं, अहो, खलाशी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर विसंबले, तुम्ही एक संध्याकाळ विसंबा. त्याला खोकला आला. आमच्या जुलैच्या थंडीत नीट कपडे घालत नाहीत. मी स्वतः तो पाहिलेला नाही, पण पोस्टाच्या नोकरीत आकाशाकडे बघायला फुरसत कुठे होती?

१० जुलै
दोष सापडला. एर्सिराच्या गाडीवरचे बल्ब, बरोबर उत्तरेला! विझव म्हटलं. तर म्हणे, "ताई, अंधारात तळू काय? सुट्टीच्या या दिवसांवर माझं वर्ष निघतं गं." विज्ञानाची कदर नाही. नगरपालिकेत अर्ज दिला.

१३ जुलै
मंजूर! अंधार पडला की गाडी बंद. चौक काळामिट्ट, गर्दी दुप्पट. मी काठी उचलताच टाळ्या. शुद्ध उच्चारांचा परिणाम. तारा नाही. आता संशय चर्चच्या मनोऱ्यावर.

१६ जुलै
कार्मेन मातेचा सण, आणि एर्सिराची कढई थंड. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. बसेल.

१८ जुलै
कॅनेडियन निरोप घ्यायला आला. म्हणाला, ध्रुवतारा पृथ्वीच्या या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागातून दिसतच नाही, कधीच. तरी तुम्ही एकदाही न हसता त्याला शोधता, ही खरी कला. आम्ही उतरलोय ते अख्खं हॉस्टेल त्यासाठीच येतं.
मी म्हटलं, अर्थात.
दार लावून घेतलं. मदर क्लोतिल्डचं आकाश फ्रान्सचं होतं.

१९ जुलै
अर्ज मागे घ्यायला गेले. नगरपालिकेचे साहेब एलिओदोरो यांनी कारण विचारलं. तारा सापडला, मी म्हटलं. ते ओठ दाबून कागदात बघत राहिले. म्हणजे यांनाही ठाऊक होतं.
मग एर्सिराकडे. माफी मागायची होती. तेल तापलं का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "ताई, पाहुणे विचारताहेत, मॅडम आज आहेत ना? उभे राहिले की त्यांना भूक लागते. बुडालेलं भरून निघेल. घे ती काठी." मग झारा पुसत म्हणाली, "आणि दिसला की मला हाक मार हं. बाबांनी शाळेत तुला एकटीलाच घातलं. गाडी बंद झाली की मी रोज घराच्या दारातून आकाशात बघायचे, पण मला मेलीला ओळखू येतोय का!"
संध्याकाळी काठी उचलली. सगळे हसले. एर्सिरा तेवढी कढईवरून मान वर करून उत्तरेकडे बघत राहिली. एक सोपाइपिया करपली तिची.