माळ्यावरची खुर्ची

मस्कत

अब्बा, सलाम.

मी बरा आहे, अम्मीला घाबरवू नका. तिचा खोकला थांबला का?

माझ्या उजव्या पायाचा अंगठा सुजला होता. डॉक्टर म्हणाले, गाउट, म्हणजे तुमचंच दुखणं. गोळ्यांनी सूज उतरली. आता फिजिओथेरपीवाली बाई पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायला लावते, त्याने आखडलेला सांधा सुटतोय. सूज नसताना तुम्हीही डॉक्टरांना विचारून करा.

नमाजात बसताना अंगठा दुमडला की डोळ्यांत पाणी येतं. काल मशिदीत मी खुर्ची मागितली.

ईदच्या नमाजाला तुम्ही खुर्चीवर बसलात, तेव्हा सगळ्यांसमोर मी त्याला आळस म्हणालो. तुम्ही खुर्ची सोडून खाली बसलात. घरातली खुर्चीही मीच माळ्यावर टाकली. आठवलं की शरमेने मान वर होत नाही.

ती आजच कुणाकडून तरी काढून घ्या. मला माफ केलंत की नाही, ते राहू दे. खुर्चीवर बसलात, एवढंच कळवा.

तुमचा,
अयूब