घरच्या विहिरीची बाटली

९ जानेवारी

कॉलेजच्या प्रकल्पासाठी गावातल्या सतरा विहिरी झाल्या! प्रत्येकीत मी स्वतः दोरी सोडली, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली, चिठ्ठी लावली. गणपतराव बांधावरून ओरडले, "काय गं पोरी, एवढं शिकून पाणीच शेंदायचं व्हय?" मीही हसले. उसाला टाकलेला युरिया झिरपतो, विहिरीत नायट्रेट वाढतं. रंग नाही, वास नाही. कुणीतरी मोजायला हवं की!

अठरावी आमची घरची. सकाळी पहिली एसटी गाठायचीय. आईला सांगितलं, उजाडताना तेवढी बाटली भरून दे.

१७ जानेवारी

नायट्रेटची मर्यादा लिटरमागं पंचेचाळीस मिलिग्रॅम. सतरापैकी अकरा विहिरी त्याच्या वर. गणपतरावांची ९६. त्यांच्याकडं तान्हं नातवंड आहे — बाळाला हे पाणी देऊ नका, रक्त प्राणवायू धरत नाही, अंग निळं पडतं, असं बजावून आले.

आमची फक्त ४! दादा खूश. त्याचा शंभू दोन महिन्यांचा, वहिनीला दूध कमी, म्हणून पावडरचं चालू, आरओ प्लँटच्या जारमधल्या शुद्ध पाण्यात. "आता त्याला प्लँटचा जार कशाला? घरचंच की!" आई काही बोलली नाही. अभिमानानं असेल.

२ फेब्रुवारी

हॉस्टेलवर वहिनीचा फोन. शंभू किरकिरतोय, नखं निळसर. "थंडीनं असंल."

५ फेब्रुवारी

शंभू कोल्हापुरात, दवाखान्यात. ओठ राखेच्या रंगाचे. एवढासा जीव!

डॉक्टरांनी आधी पाण्याचंच विचारलं. वहिनी ठसक्यात, "आमचं पाणी तपासल्यालं हाय. वन्संनी सोता, कॉलेजात." त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं. हृदयात दोष असेल म्हणतात. दादा दुधासाठी रोज घरून पाणी आणतो — दवाखान्याच्या नळावर त्याचा भरवसा नाही.

मी शेजारी उभी होते. मलाही बरं वाटलं. निदान पाणी तरी नाही.

६ फेब्रुवारी

प्रकल्पाच्या मॅडमना सगळे नमुने दुसऱ्यांदा हवेत. सुरुवात घरापासून. या वेळी बाटली मी भरली.

७ फेब्रुवारी

११८.

चिठ्ठी चुकली असेल. पण आज एकच बाटली होती. पुन्हा मोजलं. ११९.

आईला फोन केला. ती बाटली कुठून भरलीस, विचारलं. "तळाचा गाळ आल्ता गं बाटलीत. तुझ्या मॅडमम्होरं असलं पाणी ठेवायचं? जारमधलं भरलं. तुझी मान खाली नको, बाळ." मी ओरडले. जार बंद केला तेव्हा का बोलली नाहीस? "जल्मभर हेच पाणी पीत आलोय की. आमाला काय झालं?"

७ फेब्रुवारी, परत

डॉक्टरांना फोन लागला. म्हटलं, ते पाणी आधी थांबवा.

"पण ते तपासलेलं आहे ना?"

"नाही," मी म्हणाले. "तेवढं एकच तपासलं नव्हतं."