बरं आहे म्हणणारा माणूस

आई, आज तुझी आठवण आली ती कामामुळेच. वर्कशॉपमध्ये नळ्या तपासायला आणखी माणसं घ्यायची आहेत आणि सकाळपासून मी अर्जांचा गठ्ठा चाळत बसले आहे. प्रत्येक जण अनुभवी, प्रत्येक जण मेहनती, आणि प्रत्येकाची नजर म्हणे तीक्ष्ण. बाहेर कुवेतच्या राई भागातली धूळ उडते आहे, पलीकडच्या गॅरेजवाल्याची ठोकाठोक चालू आहे, आणि मला एकदम वाटलं की यातून एक माणूस निवडून दे म्हणून तुलाच विचारावं. तू जाऊन दहा-बारा वर्षं झाली. पण माणसं निवडायच्या बाबतीत मी अजून तुझ्याच जिवावर नोकरी करते आहे, हे तुला कळायला हवं.

बाबा लेथवर होते. ते गेल्यावर बंदुकीच्या सरकारी कारखान्यानं त्यांच्या जागी तुला घेतलं आणि रायफलच्या नळ्या तपासायला बसवलं. सातवी झालेली बाई, पदर खोचून उंच स्टुलावर बसलेली, समोर मोठी खिडकी आणि हातात नळी. एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं आत बघायचं. नळी सरळ असेल तर उजेडाची वर्तुळं एकात एक नीट बसलेली दिसतात, वाकडी असेल तर कुठेतरी सरकतात, केसाएवढा चरा असेल तर तो काळा दिसतो. एवढंच तू मला सांगितलंस, कारण कारखान्यातलं घरी बोलायचं नाही हा तुझा नियम होता. वर्षानुवर्षं डावा डोळा मिटून मिटून तुझ्या त्या बाजूला उजवीपेक्षा जास्त सुरकुत्या पडल्या होत्या. लेथवरची माणसं तुला टरकून असत. नळी परत आली की ‘बाईंनी मारली’ असं म्हणत.

घरीही तुझं तेच. लाटणं घ्यायला गेलो तर दुकानातली सगळी लाटणी डोळ्याला लावून बघितलीस आणि एकही न घेता बाहेर पडलीस. दुकानदार मला म्हणाला, तुझ्या आईला लाटणं हवंय की तोफ? माझी भाकरी, मी घातलेली साडीची घडी, माझं अक्षर, माझे मार्क, सगळं तू खिडकीकडे धरल्यासारखं बघायचीस. मी पहिल्यांदा पुरणपोळी केली, चांगली टम्म फुगली, आणि तू म्हणालीस, पुरण एका बाजूला गेलंय. गेलं होतं, मला मान्य आहे. पण मी तेव्हा शाळेत होते गं. तुझ्या तोंडून एकदा ‘बरं आहे’ ऐकावं एवढीच माझी हाव होती. ते तू कधीच म्हणाली नाहीस, असं मी नवऱ्याला, मुलीला, ज्याला त्याला सांगत आले. मुलगी इथेच वाढलेली, ती इंग्रजीत विचारते, मग तू माझ्याशी काय वेगळं करतेस? 

नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही आखाती युद्धानंतर कुवेतला परतलो, मिरकाब भागातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी या वर्कशॉपमध्ये टायपिंगला लागले. इथे क्रेनच्या आणि लोडरच्या हायड्रॉलिक सिलिंडरसाठी पोलादी नळ्या तयार होतात, आतून घासून आरशासारख्या केलेल्या. तुझ्या रायफलच्या नळीत करंगळी जात नसे, यांच्यात मांजर आरामात झोपेल. पण वाकडेपणा आणि चरा तोच, आणि शेवटी उजेडाकडे धरून आत बघणारा माणूसही तोच लागतो. मालक कुवेती. तरुणपणी वडिलांबरोबर मुंबईत व्यापार केलेला, त्यामुळे आमच्याशी त्याच्या पद्धतीचं हिंदी बोलतो. माझी आई बंदुकीच्या नळ्या तपासायची हे त्याला कळलं आणि माणसं निवडायचं काम हळूहळू माझ्या टेबलावर आलं. त्याला वाटलं, हे रक्तातून येत असणार. मलाही तसंच वाटत होतं.

बरीच वर्षं एकच तपासनीस पुरला. ते रत्नागिरीकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे, आणि तू त्यांना भेटली होतीस. मग शेजारी इराकात लढाई झाली आणि सीमेपलीकडे जाणारी-येणारी मोडकी यंत्रं राईत रांगा लावून उभी राहिली. मालकानं नवी मशीनं मागवली, जवळच्या अर्दिया भागात एक हॉल भाड्यानं घेतला, दोन पाळ्या सुरू केल्या. मशीनचं बरं असतं, पैसे भरले की येतं. माणूस आणायचा तर व्हिसा, मेडिकल, ठसे, राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, सरकारी कागद करणारा आमचा मंदूब एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरणार, आणि एवढं करून आलेला माणूस शिकून तयार झाला की रिलीज, म्हणजे नोकरी बदलायची परवानगी, मागून शेजारच्या कंपनीत जाणार. उन्हाळ्यात तर निम्मे लोक एकदमच गावाला. नेमके त्याच वेळी चाचा मुलीच्या लग्नाला गेले आणि तिकडून निरोप आला की आता पुरे, मी परत येत नाही.

मग मी काय केलं ते ऐक. मुद्दाम चरे पडलेल्या, किंचित वाकलेल्या नळ्या मांडल्या आणि जास्तीत जास्त दोष काढतील त्यांना नेमलं. शेवटी मुलगी तुझीच. मला वाटलं, तुझ्यासारखीच माणसं मिळाली. महिन्याभरात भिंतीशी लाल खडूनं फुली मारलेल्या नळ्यांची चवड छातीएवढी झाली. यातल्या बऱ्याचशा उत्तम होत्या, मालकानं दुसरीकडून तपासून आणल्या. आमच्या माणसांना मात्र प्रत्येक नळीत काहीतरी दिसत होतं, कारण काही दिसलं नाही तर आपला उपयोग काय, ही भीती त्यांना बसली होती. मालक माझ्या टेबलाशी आला, आवाज अजिबात न चढवता म्हणाला, “मदाम, तुम आदमी लाया है या काझी लाया है?” आणि मग सांगितलं की रमजानपर्यंत माल निघाला नाही तर अर्दियाचा हॉल बंद, आणि त्या हॉलसाठी आणलेली पोरं परत घरी. ती सगळी पोरं माझ्या शब्दावर आली होती. काहींनी तर गावाकडची चालू नोकरी सोडली होती. 

तेव्हा मला तुझा वर्कशॉपमधला तो दिवस आठवला. थंडीचे दिवस आहेत, तू तीन महिन्यांसाठी आली आहेस, माझा स्वेटर घालून वरून पदर घेतला आहेस. चाचांनी तुझ्याबद्दल माझ्याकडून बरंच ऐकलं आहे. ते मोठ्या आदरानं एक नळी दोन पोरांकडून उचलून स्टँडवर ठेवतात आणि म्हणतात, बघा ताई, काय वाटतं. सगळे काम सोडून गोळा होतात. तू वाकतेस, डावा डोळा मिटतेस. मग पलीकडे जाऊन दुसऱ्या टोकानं बघतेस. मी मनात म्हणते आहे, आता चाचांची काही धडगत नाही. तू पदरानं हात पुसतेस आणि म्हणतेस, “बरं आहे.” सगळे हसतात, कारण चाचांनी मुद्दामच त्यांची सगळ्यात चांगली नळी ठेवलेली असते. ते विचारतात की ताई, कशी हो इतकी खात्री? आणि तू म्हणतेस, “खोट काढणं सोपं आहे. नाकारलेली नळी भंगारात जाते, तिच्याबद्दल विचारायला कोण येतंय? पास केलेली कुणाच्या तरी पोराच्या खांद्याला जाते. बरं आहे म्हणायला छाती लागते.”  चाचांनी तुला स्वतः चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा बदलली. एकच नळी ठेवली, अगदी निर्दोष. आलेल्यांपैकी एकाला तिच्यात चरा दिसला, एकाला बाक दिसला, एक जण म्हणाला मधोमध काहीतरी आहे पण नक्की सांगता येत नाही. मग लातूरकडचा एक आला, डिप्लोमा झालेला, अर्दियातल्या गोदामात खोकी मोजत होता आणि त्यातून सुटायला धडपडत होता. त्यानं दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, नीट बघा. त्यानं पुन्हा बघितलं आणि पुन्हा काही नाही म्हणाला. मी आवाज जरा कडक करून सांगितलं की तुमच्या आधीच्या सगळ्यांना दोष दिसला. त्याच्या कपाळावर घाम होता. तरी म्हणाला, “दिसला आसंल, मॅडम. मला दिसना. तुमी धा बारी इचारल्यानं नळी वाकडी व्हतीय का?”

त्याला घेतलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यानंही सुरुवातीला एक वाकडी नळी सोडली, ती गिऱ्हाइकाकडून परत आली, आणि त्यानं स्वतःच जाऊन मालकाला सांगितलं की पास मी केली होती. मालकानं त्याला ठेवून घेतलं. त्याच्यासारखे आणखी शोधायला बराच वेळ गेला, मिळालेल्यातला एक रिलीज घेऊन गेलाच. पण हॉल चालू राहिला आणि पोरं परत गेली नाहीत. अजूनही मी तीच परीक्षा घेते आणि लोकांना सांगते की ही माझ्या आईची रीत आहे.

इथवर ऑफिसात लिहिलं होतं, पुढचं घरी आणून लिहिते आहे. कारण एक गोष्ट राहिली आहे आणि ती मी कुणालाच सांगितलेली नाही. तुझी परत जायची सकाळ. बॅगा दाराशी, नवरा गाडी काढायला खाली गेलेला, मुलगी शाळेच्या कपड्यात दूध पिते आहे. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस, सावकाश सगळीकडे बघितलंस, आणि म्हणालीस, “बरं आहे गं तुझं सगळं.” मी विचारलं, “पण?” तू म्हणालीस, “पण काही नाही.” मी म्हटलं, “नाही, काय राहिलंय ते सांग ना.” तू जरा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि चपला घालायला वळलीस. विमानतळावरून येताना मी नवऱ्याला म्हणाले, जाता जाता टोमणा मारून गेली.

म्हणजे तू म्हणाली होतीस. आणि तुझं ‘बरं आहे’ किती विचार करून येतं हे मी चाचांच्या नळीपाशी नुकतंच बघितलं होतं. तरी त्या वाक्यात कुठे चरा आहे ते मी इतकी वर्षं शोधत बसले, आणि तू कधी म्हणालीच नाहीस असं गावभर सांगत राहिले. माझ्या टेबलासमोर मीच उमेदवार म्हणून आले असते तर मी मला घेतलं नसतं. हे पाठवायचं कुठे, तेव्हा इथेच ठेवते. मघाशी स्वयंपाकघरात एकटी उभी राहून तुझं ते वाक्य तुझ्या आवाजात म्हणून बघितलं. खरं सांगते आई, ते पुरं व्हायच्या आत माझा हात आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला गेला होता.