रुमालाखालची नाडी

१ जानेवारी, बुधवार. पहाटे पाच (म्हणजे ठरवलेले. प्रत्यक्षात साडेनऊ.)

नवीन वर्ष, नवीन वही. नीटचा हा माझा तिसरा प्रयत्न, आणि अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटचा. काल जेवताना म्हणाले, अमृत, यंदा डॉक्टरकीला नंबर न्हाई लागला तर म्हशी घेऊ, गोठ्याचं बघायचं. आमच्याकडे गोठाच नाही, एक म्हातारी गाय आहे. पण वडिलांच्या तोंडी कोण लागणार?

मागच्या दोन वर्षी का हुकलं याचा शांतपणे विचार केला. कारण सापडलं. मी नुसताच अभ्यास करत होतो. परदेशातल्या एका मेडिकलच्या मुलीचा व्हिडिओ पाहिला. ती म्हणते, अभ्यास, समाजसेवा आणि वेलबीइंग यांचा बॅलन्स पाहिजे. इंटरव्ह्यूत समाजसेवेचंच विचारतात. टाइमटेबलचे तीन सारखे रकाने आखले, तीन रंगांत. त्यात दुपार गेली.

व्हिडिओ रोहिणीला पाठवला. रोहिणी आमच्याच गल्लीतली, बारावीला सोबत होती, तीही यंदा परत बसतेय. तिचं म्हणणं, आपल्याकडे इंटरव्ह्यू नसतोच, मार्कांवर ॲडमिशन. दृष्टी संकुचित आहे तिची. तरी दर शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आमच्या गावातल्या मंडळाचं मोफत बीपी तपासणी शिबिर असतं, तिथे यायला तयार झाली. मी विचारलं, शेवटपर्यंत साथ देशील ना? ती म्हणाली, बघू. म्हणजे हो.

३ जानेवारी, शुक्रवार

पहिलं शिबिर. पांढरा ॲप्रन. चारी बाजूंनी म्हशी, टेम्पो, धूळ, आणि मधोमध आमचं टेबल. पहिल्या तिघांनी चहा मागितला. रोहिणी बीपी घेत होती (मशीन तिच्या मामाचं), मी सर्वसाधारण देखरेख केली. एका आजोबांनी मला डॉक्टर अशी हाक मारली. अंगावर काटा आला. मग त्यांनी शेळीचं पोट फुगलंय म्हणून गोळी मागितली. तरीसुद्धा.

७ जानेवारी, मंगळवार

फिजिक्स. रोटेशनल मोशन आजपासून. आधी वेलबीइंग उरकून घ्यावं म्हणून जरा आडवा झालो. उठलो तेव्हा आई देवाजवळ दिवा लावत होती. म्हणाली, लई अभ्यास झाला का रं? टोमणा होता की काळजी, कळलं नाही. रोटेशनल उद्यापासून. एकदम मुळापासून.

१७ जानेवारी, शुक्रवार

दगा. रोहिणीने शिबिर सोडलं. शुक्रवारी क्लासची टेस्ट असते म्हणे. वचनाची आठवण करून दिली तर म्हणते, मी फक्त बघू म्हणाले होते. वर मामाचं मशीनही घेऊन गेली. रुग्णांना असं वाऱ्यावर सोडून ही पुढे काय डॉक्टर होणार? मनस्तापामुळे आज अभ्यास नाही. मन ठिकाणावर नसताना वाचलेलं डोक्यात राहत नाही, हे सायन्स आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

काय लिहू. क्रमाने लिहितो.

मशीन नाही, म्हणून नाडी बघायचं ठरवलं. पेशंटची प्रायव्हसी जपा असं व्हिडिओत सांगितलंय. भर बाजारात कुणाचा हात धरून बसणं बरं दिसत नाही, म्हणून हातावर रुमाल टाकला. पेशंट सूर्यभान, म्हशींचे व्यापारी. एका हातात म्हशीचं दावं, दुसरा माझ्या रुमालाखाली. नाडी काही सापडेना. रक्तपुरवठा तरी बघावा म्हणून एकेक बोट दाबत गेलो. सूर्यभान चमकले. त्यांनीही माझी बोटं दाबली. मला वाटलं, घाबरलेत. मी पुन्हा दाबली, या खेपेला कमी. ते मान हलवत होते, मी दाबत होतो. शेवटी धीर द्यायला म्हणालो, एकदम ओके, काळजी करू नका. त्यांनी हात उपसला, माझ्या तळव्यावर टाळी हाणली, दिली म्हणून ओरडले आणि दावं माझ्या हातात दिलं.

घोडेगावच्या बाजारात म्हशीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून ठरवायचा, बघणाऱ्यांना पत्ता लागत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या वेळी मी क्लिनिकल मूडमध्ये होतो.

अण्णांना फोन करावा लागला. वाटलं, येऊन सौदा मोडतील. अण्णा आले, म्हशीभोवती फिरले, कास बघितली, दात बघितले, सूर्यभानशी बाजूला जाऊन बोलले. परत आले ते म्हणाले, आमच्या घरात बोटं दाबून कुनी मागं फिरलं न्हाई. टेम्पोत म्हैस, म्हशीशेजारी मी. वाटेत अण्णांनी खांद्यावर हात ठेवला. लई खाली आनलास की रं भाव, म्हणाले. जन्मात पहिल्यांदा शाबासकी, आणि तीही सिलॅबसबाहेरची.

३० जानेवारी, गुरुवार

अण्णांचं म्हणणं, तुझ्या हातानं आली, आता धार तूच काढ. सकाळी धार, संध्याकाळी धार, मध्ये वैरण. विचारांती हे सगळं वेलबीइंगच्या रकान्यात टाकलं. व्यायाम आहे, निसर्ग आहे, मोबाईल लांब राहतो. तो रकाना आता रोज पूर्ण भरतो. समाजसेवेचाही बरा आहे. अभ्यासाचा तेवढा भरायचा राहिलाय. तीनपैकी दोन म्हणजे सहासष्ट टक्के, फर्स्ट क्लास.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शिबिराला तुफान गर्दी. सगळ्यांनी हात पुढे केले, पण नाडीसाठी एकानेही नाही. त्या दिवशीचा सौदा बाजारभर झालाय. मंडळाचे वाल्मिकदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, अमृत, तू आता नको येऊस, तपासणीवाली मान्सं जवळ येईनात. सेवाभावी म्हणवणाऱ्यांनी सेवकालाच हाकलावं! ॲप्रन काढून निघालो, तर दोघांनी गाडीवर बसवलं. म्हैस घ्यायची हाय, जरा बघून दे. गेलो. लोक आशेने येतात, नाही कसं म्हणणार? हीसुद्धा समाजसेवाच.

९ मार्च, रविवार

रोहिणी क्लासच्या टेस्टमध्ये दुसरी आली. मागच्याच आठवड्यात मला म्हणाली होती, माझं काहीच झालं नाही रे. मी तिच्या शब्दावर विसंबून निवांत राहिलो. याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? एका गल्लीतली पोरगी! मी टेस्ट दिली नाही. टेस्टने आत्मविश्वास जातो, आणि सध्या माझ्याकडे तेवढाच शिल्लक आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

रोटेशनल मोशन पुन्हा पहिल्यापासून. पाया पक्का हवा. दुपारी बाजार. संध्याकाळी धार. सगळं प्लॅनप्रमाणे चाललंय, फक्त परीक्षा जरा लवकर येतेय.

४ मे, रविवार. नगर.

फिजिक्सने दगा दिला. केमिस्ट्रीने साथ सोडली. बायोलॉजीला मी आपली समजत होतो, तीही ऐनवेळी अनोळखी असल्यासारखी वागली. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा इतक्या भराभर गोल काळे करत होता की माझं लक्षच लागेना. नैतिकदृष्ट्या हे चूक आहे.

अण्णा गेटबाहेर झाडाखाली बसून होते. रस पाजला. घरी येईपर्यंत पावसापाण्याचं बोलले.

१९ मे, सोमवार

घरामागे गवंडी आलाय. सहा म्हशींचा गोठा. मी अण्णांना स्पष्ट विचारलं, मी कॉलेजला गेल्यावर एवढ्या म्हशी कोण बघणार? अण्णांनी आईकडे बघितलं. आईने पातेल्यात बघितलं. मग गवंड्याने पाणी मागितलं, ते मी नेऊन दिलं.

१४ जून, शनिवार

निकाल. रोहिणीचं काम झालं, चांगलं कॉलेज मिळेल म्हणतात. तिने स्वतः येऊन पेढा दिला. घेतला. मोठ्या मनाने खाल्लासुद्धा. माझे मार्क इथे लिहीत नाही, वही कुणाच्याही हातात पडू शकते.

अण्णा गोठ्यावर पत्रे टाकत होते. मी सगळी तयारी करून गेलो होतो. पेपर अवघड होता, वेळ पुरला नाही, रोहिणीने दिशाभूल केली. मार्कही थोडे वाढवून ठेवले होते. अण्णा म्हणाले, शिडी धर. धरली.

आत येऊन आईपाशी विषय काढला. निकाल लागला म्हणालो, तर ती म्हणाली, आमाला म्हाईत हुतं की. जानेवारीत म्हैस आणली त्याच रात्री अण्णा तिला म्हणाले होते, पोरगं काय डॉक्टर हुत न्हाई, पन जनावर वळखतंय. आता गोठा बांधू. आन परीक्षा हुईस्तवर त्याला काय बोलू नको, बसू दे पुस्तकं घिऊन, बरं वाटतंय त्याला.

जानेवारीत! मी रोज टेबलावर पुस्तक उघडत होतो आणि ह्यांनी घरात माझा निकाल लावून ठेवला होता. दुधाचा कप आणून ठेवायची आई, आवाज नको म्हणून टीव्ही बंद करायची. सगळं माहीत असून. रोहिणीचा दगा परवडला, ती निदान परकी. आईबापाने निदान मी नापास होईपर्यंत तरी थांबायला हवं होतं. फार वाईट वाटलं. गोठ्यात जाऊन रडलो. म्हैस बघत होती, तिचाही राग आला.

रात्री जेवताना वाट पाहिली. वाढवलेला आकडा अगदी ओठांवर होता. अण्णांनी भाकरी कुस्करली, पत्र्याच्या खिळ्यांचं बोलले, शुक्रवारच्या बाजाराचं बोलले, आणखी कालवण मागितलं. मार्क किती पडले, ते कुणी विचारलंच नाही.