अस्वलाला आवडणारी मेंढरं

९ जून
सांगून टाकलं! चुलीपाशी, सगळ्यांसमोर. यंदा कळपाबरोबर वर मी जाणार.

थोरल्या जाऊबाई हसता हसता ठसकल्या. ‘अगं रूमले, आपल्या घरातली बाई कधी कळपामागं खिंड ओलांडून गेलीय का?’

नाही गेली. पण आमच्या कळपामागचं अस्वलही जगावेगळंच आहे! माझे यजमान वारल्यापासून ते दर उन्हाळ्यात येतं आणि फक्त माझी मेंढरं खातं. कानाला दोन चिरा असल्या की मेंढरू माझं, एक असली की थोरल्या दिरांचं. अस्वल आधी कान तपासतं, मग फाडतं. एवढं हुशार जनावर एकदा बघायलाच हवं.

निहाला भाऊजी भिंतीकडं तोंड करून बसलेले. थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही — आमची रीत. म्हणून मी ओढणीआडून कुत्र्याला म्हटलं, ‘भोटू, सांग त्यांना. माझ्या भाकरीचा भार कुणावर नाही.’

भाऊजीही कुत्र्यालाच म्हणाले, ‘यायचं तर येऊ दे.’

भोटू बिचारा एकदा इकडं बघतो, एकदा तिकडं.

१४ जून
निघालो. अख्खं गाव बघायला! यजमानांचा जुना लोकरी चोला चढवला, कमरेला दोर गुंडाळला. वाटेवरची म्हातारी म्हणाली, ‘कुणाचा गं हा नवा मेंढपाळ?’

बरोबर भाऊजी आणि त्यांचा गडी मुसद्दी. नाव मुसद्दी, आणि चेहरा असा की येणाऱ्याजाणाऱ्यानं फसवावं. वर्षानुवर्षं कळपामागं आहे. मला ‘वहिनी, वहिनी’ करतो. पाय जड झाले का, विचारतो. तुझी जीभ जड झाली तर बरं, असं म्हणणार होते.

२० जून
पुरुषांनी केलेली मक्याची भाकरी खाल्ली. भोटूनंही हुंगून सोडली. उद्यापासून चूल माझी.

२८ जून
खिंडीच्या पायथ्याशी आहोत. वर ढग. मुसद्दी सकाळपासून कुरकुरतोय — ‘बाई बरोबर असली की देवी खिंड अडवते.’

‘देवी कोण रे? बाप्याच का?’

भाऊजी खोकले. खोकला नव्हता तो, हसू होतं!

३० जून
बकरा कापला, नैवेद्य दाखवला, खिंड ओलांडली. देवीनं काही अडवलं नाही. घसरून पडला तो मुसद्दी.

१३ जुलै
खिंडीपलीकडच्या लाहुलचं गवत! मेंढरं महिन्याभराची भुकेली असल्यासारखी तुटून पडलीत. भाऊजी उंच दगडावर राजासारखे बसतात, शिट्टी घालतात, नि सगळा डोंगर वळतो. खाली उतरायला मात्र मुसद्दीचा हात लागतो. राजेच ते!

अस्वलाचा पत्ता नाही. मी आल्याचं कळलं असावं.

२५ जुलै


दुपारी जळण गोळा करायला ओढ्याखाली गेले होते. खाली कच्च्या रस्त्यावर जीप उभी. शेजारी एक खाटीक — आणि मुसद्दी! दोन खच्ची मेंढे आत ढकलत होता. दोन्ही माझे. मोठा तर कोकरू असताना मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. तो मेंढा मागं वळून ओरडला. मी दगडाआड तोंडात ओढणी कोंबून बसले. ओरडले असते तर ते दोघे होते, मी एकटी.

संध्याकाळी मुसद्दी धापा टाकत आला, हातात लोकरीचा पुंजका. ‘अस्वल! दोन नेले! वहिनींचेच हो, काय नशीब!’

इथवर ठीक. मला वाटलं, आता भाऊजी ह्याला पकडणार. तर भाऊजी म्हणतात, ‘मी बघितलं ना. त्या कड्यावरून उतरलं. केवढं मोठं धूड!’

बघितलं!! म्हणजे दोघेही सामील. सख्खा दीर. भावाची चिता ह्याच हातानं पेटवली ह्यांनी. आता नैवेद्य कुणाला दाखवायचा — देवीला की ह्यांना?

२६ जुलै
आज तोंड झाकलं नाही. म्हटलं, रीत गेली चुलीत. तडक दगडापाशी गेले, भाऊजींच्या पुढ्यात उभी राहिले. भर उन्हात. हात लांब केला असता तर नाकाला लागला असता.

ते माझ्या चोल्याकडं बघून म्हणाले, ‘मुसद्दी, आलास? मीठ घातलं का मेंढरांना?’

मी हललेच नाही.

‘बोल की रे.’

‘मी आहे, भाऊजी. रूमली.’

त्यांनी तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले, आणि पहिलं काय विचारलं? ‘कधीपासून दिसत नाही?’

‘माझा भाऊ गेला त्या हिवाळ्यापासून. आधी कडेकडेनं गेलं. आता उजेड कळतो, हालचाल कळते, बस्स.’

‘मग अस्वल कसं दिसलं?’

त्यांनी काठीनं दगड चाचपला. मग म्हणाले, ‘मुसद्दी म्हणतो ते मला दिसतं. नाही दिसलं म्हणालो तर कळप कोण ठेवेल माझ्या हाती?’

जीपचं सांगितलं. ऐकताना काठीवरची बोटं पांढरी पडली. ‘माझे का नाही नेले त्यानं?’ एवढंच विचारलं.

‘तुमची बायको गावात भांडली असती. विधवा कुठं जाणार बोंबलत?’

‘घरी सांगू नकोस, रूमली. डोळ्यांचं.’

काय कुजकट बोलणी तयार ठेवली होती मी! एकही कामाला आलं नाही.

२७ जुलै
जेवताना भोटूपुढं भाकरी टाकली. म्हटलं, ‘भोटू, तुला काय वाटतं? अस्वलाला जीप चालवायला कुणी शिकवलं असेल?’

मुसद्दीच्या हातातलं ताक सांडलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, ‘ह्याला विचार. ह्याची ओळख आहे.’

२८ जुलै
मुसद्दी पहाटेच पळाला. माझं घोंगडंही नेलं. अस्वलानंच नेलं असेल!

१६ ऑगस्ट
आता दोघंच. मी बोलते, ते शिट्टी घालतात. ‘डावीकडं, कड्याशी, पाचसहा.’ शिट्टी. वळतात! भोटूला मध्ये घ्यायची गरज उरली नाही, म्हणून तो जरा रुसलाय.

कोकरू अडकलं होतं कपारीत. भाऊजी पोटावर सरपटत गेले, मी त्यांचा पाय धरून वाट सांगत होते. काढलं. दोन चिरांचं होतं.

१२ सप्टेंबर
परतताना खिंडीत बर्फ. त्यांना सगळंच पांढरं, मलाही सगळंच पांढरं! ‘आज आपण बरोबरीचे,’ म्हणाले. माझा दोर त्यांच्या कमरेला बांधला. एकही मेंढरू गेलं नाही.

गावात काय सांगायचं, ते मी ठरवलंय. मुसद्दी आजारी पडला, भाऊजींनी एकट्यानं कळप सांभाळला. सगळे मानतील. गावाला तेच मानायला आवडेल.

२१ सप्टेंबर
पोचलो. अंगणात माणसंच माणसं. जाऊबाई म्हणाल्या, ‘काय गं, दिसलं का अस्वल?’ सगळे हसले. मी तोंड उघडलं — तेवढ्यात भाऊजी पुढं झाले.

‘अस्वल नव्हतं कधीच. मी आंधळा झालोय. पुढच्या वर्षी कळप ही नेईल.’

कुणी हसलं नाही. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, आणि भिंत चाचपत आत गेले — सगळ्यांदेखत.

मला माझी मेंढरं तेवढी हवी होती.